पुरंदरची पहिली झुंज

छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. त्यांचे वडील शहाजीराजे हे विजापूरच्या आदिलशाहीतील मातब्बर सरदार होते. पुण्याच्या जहागिरीत मातोश्री जिजाबाईंच्या छत्राखाली शिवराय वाढले. मावळातील कष्टाळू शेतकऱ्यांची मुले त्यांचे सवंगडी झाली. त्यांच्याच बळावर शिवरायांनी स्वराज्याचे कार्य आरंभिले.

हे कार्य बाल्यावस्थेत असतानाच त्याच्यावर घाला आला. जुलै १६४८ मध्ये आदिलशाही सेनापतीने दक्षिणेत जिंजीजवळ शहाजीराजांना कैद केले. त्याच सुमारास फत्तेखान हा सरदार शिवरायांवर चालून आला. शिवरायांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. शरण जावे, तर स्वराज्य उगवताच मावळणार; लढावे, तर वडिलांच्या जिवाला धोका. शिवरायांनी लढण्याचा निर्णय घेतला.

मोकळ्या मैदानात मोठ्या फौजेपुढे आपला निभाव लागणार नाही, हे जाणून त्यांनी पुरंदर किल्ल्याचा आश्रय घेतला. मावळ्यांनी शत्रूच्या हाती गेलेले शिरवळ परत जिंकले आणि बेलसरच्या छावणीवर अचानक छापा घातला. चिडलेली फौज पुरंदर चढू लागली, तेव्हा वरून दगडधोंड्यांचा वर्षाव झाला. मुसेखान पडला, फत्तेखान माघारी पळाला. मात्र या संग्रामात वयोवृद्ध बाजी पासलकर धारातीर्थी पडले.

विजयाने शिवराय हुरळून गेले नाहीत. मुघल शाहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार करून त्यांनी विजापूरवर दडपण आणले. वडिलांच्या सुटकेसाठी कोंढाण्यासारखा मोलाचा किल्लाही त्यांनी परत दिला. १६४९ मध्ये शहाजीराजे मुक्त झाले. पुढील काही वर्षे शिवरायांनी मोठा संघर्ष टाळून आपली शक्ती वाढविली.

पुरंदरची लढाई लहान होती. तिने फारसा मुलूख मिळवून दिला नाही. परंतु आपणही बलाढ्य सत्तेला परतवू शकतो, हा विश्वास तिने मावळ्यांना दिला. किल्ल्याचा आधार, डोंगराळ मुलखाचा उपयोग, अनपेक्षित छापा आणि प्रसंगी माघार, ही पुढील युद्धनीतीची सूत्रे येथेच दिसतात. १६५९ मध्ये अफजलखानासारखा बलाढ्य सेनानी चालून आला, तेव्हाही शिवरायांनी मैदान टाळून जावळीच्या रानातील प्रतापगड निवडला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. ३ एप्रिल १६८० रोजी त्याच गडावर त्यांचे निधन झाले. रायगडावरील त्या सिंहासनाच्या पायाशी पुरंदरावर पडलेल्या मावळ्यांचे बलिदान होते.