वाशीमचा ताम्रपट आणि मिराशींची संशोधन-शिस्त

पातूर : अकोल्याहून निघालेला रस्ता पातूरपाशी डोंगराला भिडतो. वऱ्हाडचा सपाट पयनघाट येथे संपतो आणि घाट चढून गेले की मालेगाव, वाशीमचा बालाघाट सुरू होतो. पातूरच्या डोंगरात खडकात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. त्यांत अजिंठ्यासारखी चित्रे नसल्याने पर्यटकांची पावले तिकडे क्वचितच वळतात. मात्र हा मुलूख दीड हजार वर्षांपूर्वी कोणाच्या सत्तेखाली होता, याचा शोध घेताना इतिहासकारांना याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, वाशीमला जावे लागले. वाशीमचा एक ताम्रपट आणि अजिंठ्याचा एक शिलालेख यांची सांगड घालून वऱ्हाडचे एक विस्मृत राजघराणे ज्यांनी पुन्हा प्रकाशात आणले, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

मिराशींचे नाव आज प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना माहीत आहे. सामान्य वाचकाला ते रामटेक आणि कालिदास यांच्या संदर्भात आठवते. परंतु शोधनिबंधावर कोणाचे नाव असावे, पूर्वसूरींची चूक कशी दुरुस्त करावी आणि संपादकाने लेखकाच्या मजकुराला कोठवर हात लावावा, हे प्रश्न ज्या काळात कोणत्याही नियमावलीत नव्हते, त्या काळात त्यांची उत्तरे मिराशींच्या कामात सापडतात.

१३ मार्च १८९३ रोजी कोकणातील देवगड तालुक्यातल्या कुवळे या गावी मिराशींचा जन्म झाला. कोल्हापूर आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. संस्कृतचे प्राध्यापक म्हणून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि विदर्भ हीच त्यांची कर्मभूमी झाली. पुढे ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४७ ते १९५० या काळात अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. महामहोपाध्याय ही पदवी त्यांना १९४१ साली, तर पद्मभूषण हा किताब १९७५ साली मिळाला. ही झाली मानमरातबाची नोंद. खरे आयुष्य गेले ते काळवंडलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरील आणि झिजलेल्या दगडांवरील अक्षरे लावण्यात.

संस्कृतच्या प्राध्यापकाने कोरीव लेखांकडे वळावे, याला मध्य प्रांत-वऱ्हाडातील परिस्थिती कारणीभूत होती. रायबहादूर हिरालाल यांनी या प्रांतातील कोरीव लेखांची सूची सिद्ध केली होती; तिच्यामुळे किती सामग्री अभ्यासकाची वाट पाहत पडून आहे, हे स्पष्ट झाले होते. शेतकऱ्याच्या नांगराला ताम्रपट लागावा, तो तांबटाकडे मोडीत जावा किंवा एखाद्या घरच्या देव्हाऱ्यात पूजेला बसावा, असे वारंवार घडे. अशा वस्तूचा पत्ता लावणारा स्थानिक माणूस आणि तिचे वाचन करणारा पंडित, ही दोन माणसे बहुधा वेगळी असत. श्रेयाचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो.

तो प्रश्न किती जुना आहे, हे अजिंठ्याच्या लेखाच्या इतिहासावरून कळते. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ दिली आहे. या लेखाचे पहिले वाचन मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६०च्या दशकात प्रसिद्ध केले. त्या काळात भाऊ दाजींच्या पदरी जुनागढचे भगवानलाल इंद्रजी नावाचे तरुण पंडित होते. गुहांमधून, डोंगरांवरून हिंडून ठसे घेणे, अक्षरे लावणे, नाणी जमविणे हे काम भगवानलाल करीत. निबंधांवर मात्र भाऊ दाजींचे नाव असे. भाऊ दाजींनी भगवानलालांच्या प्रवासाचा व चरितार्थाचा भार उचलला आणि त्यांना घडविले, हे खरे. शिष्याच्या मनात गुरूविषयी कृतज्ञताच होती, हेही खरे. तरीही १८७४ साली भाऊ दाजींचे निधन झाल्यावरच भगवानलालांचे स्वतःच्या नावाचे लेखन विद्वानांसमोर येऊ लागले आणि युरोपातील पंडितांना हा माणूस किती मोठा आहे ते कळले. आजच्या मापाने पाहिले तर ही लेखकत्वाची गंभीर त्रुटी ठरते. त्या काळच्या मुंबईत ती कोणाला विशेष खटकल्याचे दिसत नाही.

भगवानलालांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि त्यानंतर १८८३ साली जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर यांनी तो प्रसिद्ध केला. ब्यूलर यांचा अधिकार मोठा होता. त्यांच्या वाचनात पहिल्या प्रवरसेनानंतर रुद्रसेन आणि त्यानंतर पृथिवीषेण अशी नावे आली. ही नावे वाकाटकांच्या मुख्य शाखेच्या ताम्रपटांतून आधीच परिचित होती. त्यामुळे झिजलेल्या जागी तीच असणार, हा तर्क स्वाभाविक वाटला. परिणाम असा झाला, की अजिंठ्याचा हरिषेण हा मुख्य शाखेचाच वंशज ठरला आणि जवळजवळ साठ वर्षे वाकाटकांचा इतिहास त्या वंशावळीवर रचला गेला. कुंतल देशाच्या स्वामीला जिंकल्याचा पराक्रमही भलत्याच राजाच्या खात्यावर जमा झाला. दोन नावे चुकली आणि वऱ्हाडातून राज्य करणारी एक स्वतंत्र शाखाच नकाशावरून पुसली गेली.

हे लक्षात आले ते १९३९ साली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. तेथे चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. महानुभाव वाङ्मयाचे संशोधक, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी त्याची माहिती त्याच वर्षी कोलकात्याच्या इतिहास परिषदेत मांडली. ताम्रपट वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षातला आणि वत्सगुल्म येथून दिलेला. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात, असे त्याचे वैशिष्ट्य आहे. नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. पण खरा धक्का वंशावळीत होता. प्रवरसेनाचा पुत्र म्हणून तेथे सर्वसेन हे नाव आले होते आणि विंध्यशक्ती हा त्या सर्वसेनाचा पुत्र होता. हे नाव त्या वेळच्या कोणत्याही वाकाटक वंशावळीत नव्हते.

मिराशींनी या ताम्रपटाचे सविस्तर संपादन एपिग्राफिया इंडिका या सरकारी पुराभिलेख-पत्रिकेच्या २६व्या खंडात केले. त्यावर त्यांचे एकट्याचे नाव नाही, डी. बी. महाजन यांचेही आहे. देशभर मान्यता पावलेल्या मिराशींनी हा निबंध केवळ स्वतःच्या नावे छापला असता, तर त्या काळी फारसे कोणी विचारले नसते. भाऊ दाजी आणि भगवानलाल यांच्या उदाहरणाशेजारी ठेवून पाहिले, तर या दुसऱ्या नावाचे वजन कळते.

त्यानंतर मिराशी पुन्हा अजिंठ्याच्या लेखाकडे वळले. वाशीमचा ताम्रपट हाती असल्याने कोठे शंका घ्यायची, ते आता ठाऊक होते. ठशांवरील अक्षरे नव्याने तपासता ज्याला रुद्रसेन म्हटले गेले तेथे सर्वसेन आणि पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन अशी नावे निघाली. हे नवे वाचन १९४१ साली हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेला इतिहासात जागा मिळाली. हरिविजय या आज उपलब्ध नसलेल्या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हाच हा राजा, अशी जुळणीही मिराशींनी केली आणि राजशेखरासारख्या कवींनी वत्सगुल्माचा एवढा गौरव का केला, त्याचा उलगडा झाला.

एवढी मोठी चूक सापडली म्हणजे पूर्वीच्या पंडितांना झोडपण्याचा मोह होतो. मिराशींच्या लेखनात तो दिसत नाही. लेख कोणी प्रथम वाचला, नंतर कोणी सुधारला, कोणते वाचन कोठे ढळले, याचा क्रम ते नोंदवितात आणि आपले वाचन पुढे ठेवतात. या क्रमाचा फायदा वाचकाला होतो. नवा संपादक बरोबर आहे की नाही, हे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता तपासता येते.

कोरीव लेखांच्या संपादनाची रीतच तशी आहे. लेखाचा ठसा छापायचा, मूळ पाठ ओळींच्या क्रमाने द्यायचा, भाषांतर वेगळे ठेवायचे. झिजलेले अक्षर एका प्रकारच्या कंसात, संपादकाने सुचविलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रकारच्या. कोरणाऱ्याची चूकसुद्धा पाठात गुपचूप सुधारायची नाही. पत्रिकेच्या संपादकाला लेखकाचे मत पटले नाही, तर तो मजकूर बदलत नसे. तळटीपेत कंस करून, संपादक अशी खूण ठेवून आपला विरोध नोंदवीत असे. लेखक आणि संपादक यांचा मतभेद एकाच पानावर वाचकासमोर राहत असे. आजच्या कित्येक नियतकालिकांतही एवढा उघडेपणा आढळत नाही.

मिराशींची सगळीच मते टिकली, असे नाही. कोलकात्याचे दिनेशचंद्र सरकार यांच्याशी त्यांचे वाद नियतकालिकांतून दीर्घकाळ चालले. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे त्यांचे प्रतिपादन विदर्भाने उचलून धरले; पुढे १९९७ साली रामटेकला कालिदासाच्या नावाने संस्कृत विद्यापीठही उभे राहिले. पण सर्व विद्वानांनी ते मान्य केलेले नाही. स्थानिक अभिमान आणि संशोधन जेथे एकत्र येतात, तेथे टीकाकार अधिकच सावध होतात आणि ते योग्यही आहे. मिराशींनी या आक्षेपांना उत्तरे दिली ती पुरावे मांडून, निबंधांतूनच.

१९६३ साली वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९५५ मध्ये कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा ग्रंथ आला होता. १९७७ मध्ये शिलाहारांच्या लेखांचा आला, तेव्हा त्यांचे वय ८४ होते. इंग्रजीत लिहिलेले संशोधन मराठी वाचकाला मिळावे म्हणून संशोधन मुक्तावली ही निबंधसंग्रहांची माला त्यांनी चालविली. हे काम केल्याने विद्यापीठात बढती मिळत नसते.

वाकाटकांचा ग्रंथ बाहेर पडल्यावर लवकरच वाशीमजवळ हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळातला शिलालेख सापडला. सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख असलेल्या या लेखात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८ हे वर्ष आहे. वत्सगुल्म शाखेचा निश्चित काळ त्याने प्रथमच हाती दिला. त्याच्या वाचनाविषयीही मतभेद झाले आणि मिराशी त्या चर्चेत उतरले. दशकुमारचरिताच्या शेवटच्या भागात वाकाटकांच्या पतनाची कथा दडलेली आहे, हे त्यांचे मत अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी स्वीकारले आणि अजिंठ्याचा नवा कालक्रम त्यावर उभारला. हरिषेणाचा अंत मिराशी इ. स. ५००च्या आसपास मानीत. स्पिंक यांनी तो सुमारे दोन दशके मागे, ४७७च्या सुमारास ओढला. मिराशींचे नाव घेऊनच त्यांनी मिराशींशी मतभेद केला.

ब्रिटनमधील काही वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी प्रकाशन-नीतीसाठी समिती स्थापन केली ती १९९७ साली. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम २०१८ मध्ये केले. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, ६० टक्क्यांच्या वर गेल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द, अशा पायऱ्या त्यात आहेत. मजकुरातील साम्य संगणक मोजू शकतो. ज्याने डोंगर चढून ठसा घेतला त्याचे नाव निबंधावर आहे की नाही, हे मात्र त्याला सांगता येत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या कामावर आपले नाव आधी घालणारे मार्गदर्शक आणि पैसे भरले की चार दिवसांत छापून देणारी नियतकालिके या टक्केवारीत सापडत नाहीत.

३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी मिराशींचे निधन झाले. वाशीम १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. वाकाटकांवर लिहिणारा प्रत्येक अभ्यासक आजही मिराशींचा १९६३चा ग्रंथ उघडतो, आणि वाशीमच्या ताम्रपटाच्या नोंदीत त्याला मिराशींच्या वाचनाआधी देशपांडे आणि महाजन भेटतात.