न झालेल्या लढतीचा विजेता

सचिन मोठा की ब्रॅडमन, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज रंगतो आणि कधीच संपत नाही. बॉक्सिंगवाल्यांचाही असाच एक वाद आहे. मोहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो, दोघेही ऐन भरात असताना समोरासमोर आले असते तर? गंमत म्हणजे हा वाद एकदा खरोखरच मिटवायचा प्रयत्न झाला होता. अलीबद्दल सगळ्यांनाच थोडंफार ठाऊक असतं. मला सांगायचंय ते मार्सियानोबद्दल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉकटन इथे १ सप्टेंबर १९२३ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडील इटलीहून आलेले. ब्रॉकटन म्हणजे बुटांच्या कारखान्यांचं गाव, वडील तिथेच राबत. पोराला मात्र व्हायचं होतं बेसबॉलपटू. शाळा अर्धवट सोडून त्याने मिळेल ती अंगमेहनतीची कामं केली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला. १९४७ साली शिकागो कब्ज या संघाच्या निवड चाचणीत नापास होऊन घरी परतला, आणि मग बॉक्सिंगच उरलं.

हेवीवेटच्या मानाने शरीर बेताचंच. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, वजन ८४ किलोच्या घरात, आणि हात तर फारच आखूड. चार्ली गोल्डमन नावाचा त्याचा प्रशिक्षक मोठा हुशार. या बुटक्या गड्याला त्याने आणखी वाकायला शिकवलं. डोकं खाली घालून थेट प्रतिस्पर्ध्याच्या छातीशी शिरायचं, म्हणजे लांब हातवाल्याला हात फेकायला जागाच उरत नाही. आत शिरेपर्यंत मार खावा लागतो, तो खायचा.

१९५१ मध्ये त्याने जो लुईला आठव्या फेरीत पाडलं. लुई लहानपणापासून त्याचं दैवत, तेव्हा ३७ वर्षांचा, थकलेला. त्या विजयाचा त्याला आनंद कमी आणि दुःखच जास्त झालं, असं सांगतात.

पण मार्सियानो समजून घ्यायचा तर २३ सप्टेंबर १९५२ ची फिलाडेल्फियातली लढत पाहावी. समोर जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला, व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर तो मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एकच आखूड ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांना टेकून हळूहळू खाली घसरला. ती फिल्म मी बऱ्याचदा पाहिली आहे. ठोसा किती अंतरावरून आला हे अजूनही नीट कळत नाही, इतका तो जवळून आहे.

१९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक अक्षरशः फाडलं, तरी तो जिंकला. १९५५ मध्ये आर्ची मूरने त्याला पाडलं, तरी तो जिंकला. एप्रिल १९५६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ४९ लढती, ४९ विजय, त्यात ४३ नॉकआऊट. टीकाकार म्हणतात की त्याने हरवलेले मोठे मोहरे बहुतेक उतरणीला लागलेले होते. खरं आहे ते. लुई ३७, वॉलकॉट ३८, मूरही तेवढाच. पण समोर कोण येणार हे त्याच्या हातात थोडंच होतं!

आता तो वाद. १९६७ मध्ये मायामीच्या मरे वॉरोनर या रेडिओ निर्मात्याने जुन्यानव्या जगज्जेत्यांची माहिती कॉम्प्युटरला पुरवून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घडवली. तीत मार्सियानो अजिंक्य ठरला आणि अली मधेच जिम जेफ्रीजकडून हरला. अलीने बदनामीचा दावाच ठोकला! तडजोडीत ठरलं की अली-मार्सियानो लढतीचा चित्रपट काढायचा.

१९६९ मध्ये दोघे मायामीत रिंगमध्ये उतरले. मार्सियानो ४५ वर्षांचा. त्यासाठी त्याने वीसेक किलो वजन उतरवलं, टकलावर केसांचा टोप चढवला. अली २७ चा, पण सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे किताब आणि परवाना दोन्ही गमावून बसलेला, पैशांची चणचण असलेला. एक-एक मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या खेळल्या गेल्या, वेगवेगळे शेवट चित्रित झाले. कोणता दाखवणार हे दोघांनाही सांगितलं नव्हतं.

२० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत निकाल दिसला: मार्सियानो, तेराव्या फेरीत नॉकआऊट. वॉलकॉटच्या वेळची तीच तेरावी फेरी! युरोपात म्हणे अली जिंकल्याचा शेवट दाखवला. कॉम्प्युटर अलाबामात, म्हणजे वर्णद्वेषाच्या बालेकिल्ल्यात बनला असावा, असा टोमणा अलीने नंतर मारला. मला त्यात विनोदापेक्षा कडवटपणा जास्त दिसतो. युद्धाला नकार देणारा काळा मुसलमान पडद्यावर का होईना आडवा झालेला बघायला त्या वेळी बऱ्याच जणांना हवंच होतं. त्यात मार्सियानोचा काय दोष? दहा इंच लांब हात आणि ते नाचरे पाय यांच्यापुढे तो हरला असता, असं माझं मत. गुणांवर हरला असता, पण पंधराव्या फेरीपर्यंत पुढेच येत राहिला असता.

निकाल त्याने पाहिलाच नाही. ३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री आयोवा राज्यात न्यूटनजवळ त्याचं छोटं विमान खराब हवेत कोसळलं. दुसऱ्या दिवशी त्याचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता.