ई. एम. फॉर्स्टर : सत्तावन्न वर्षे अप्रकाशित राहिलेले लेखन

एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर (१८७९–१९७०) हे आपल्या विद्यापीठांत प्रामुख्याने 'अ पॅसेज टु इंडिया' (१९२४) या कादंबरीचे कर्ते म्हणून परिचित आहेत. या कादंबरीच्या अखेरच्या भागातील उत्सवात तुकोबांच्या नामाचा गजर आहे. तो तेथे कसा आला, याचा शोध घेऊ लागले की फॉर्स्टर यांच्या दीर्घकाळ झाकून राहिलेल्या जीवनापर्यंत जावे लागते.

फॉर्स्टर यांचा जन्म लंडनचा. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. पुढे वडिलांच्या मावशीने ठेवलेल्या ८,००० पौंडांमुळे केंब्रिजचे शिक्षण आणि लेखन निर्वेधपणे होऊ शकले. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना समलिंगी संबंधांबद्दल सक्तमजुरीची शिक्षा झाली, तेव्हा फॉर्स्टर सोळा वर्षांचे होते. त्या शिक्षेची छाया त्यांच्या पिढीवर कायम राहिली. १९०५ ते १९१० या काळात त्यांच्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. १९०६ पासून लॅटिन शिकविण्याच्या निमित्ताने सय्यद रॉस मसूद यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. फॉर्स्टर यांच्या प्रेमाला मसूद यांच्याकडून तसा प्रतिसाद मिळाला नाही. तथापि मैत्री टिकली आणि तीच त्यांना १९१२ मध्ये भारतात घेऊन आली.

१९१३ मध्ये एडवर्ड कार्पेंटर व त्यांचे सहचर जॉर्ज मेरिल यांच्या घरी दिलेल्या भेटीतून 'मॉरिस' या कादंबरीची कल्पना त्यांना सुचली. १९१४ मध्ये ती लिहून झाली. मध्यमवर्गीय मॉरिस आणि शिकारखान्यावरचा रखवालदार ॲलेक यांचे प्रेम तीत सफल होते. हा सुखान्त फॉर्स्टर यांना अनिवार्य वाटत होता, आणि प्रकाशनातील मोठी अडचणही तीच होती. नायकांचा अंत शोकात्म केला असता तर कादंबरी कदाचित खपवून घेतली गेली असती. फॉर्स्टर यांनी शेवट न बदलता हस्तलिखित मोजक्या मित्रांपुरते ठेवले.

१९२१ मध्ये ते देवास थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव झाले. या मराठी दरबारातील गोकुळाष्टमीच्या उत्सवाचा अनुभव कादंबरीत उतरला. 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या ग्रंथात त्यांनी तेथील वास्तव्य वर्णिले. मात्र दरबारातील एका सेवकाशी आलेल्या संबंधाची हकीकत त्यातून वगळली. १९८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या हकीकतीत फॉर्स्टर आपल्या क्रौर्याचीही कबुली देतात. साहेब आणि सेवक यांच्यातील सत्तासंबंधाकडे दुर्लक्ष करून त्यांचा केवळ गौरव करणे अभ्यासकाला शक्य नाही.

१९२४ नंतर त्यांनी हयातीत एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. समीक्षा, चरित्रे, नभोवाणी भाषणे मात्र चालू राहिली. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल यांच्या कादंबरीवर खटला भरला गेला, तेव्हा त्यांनी जाहीर निषेध केला. स्वतःचे हस्तलिखित मात्र ते पुन्हा पुन्हा संस्कारित करीत राहिले. १९६७ मध्ये इंग्लंडमधील कायदा शिथिल झाला तरी ते प्रकाशनास राजी झाले नाहीत. 'मॉरिस' १९७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर वर्षभराने आली, आणि पाठोपाठ १९७२ मध्ये कथासंग्रहही आला.

ज्या कायद्याच्या धाकाने हे लेखन दडले, त्याच राजवटीने १८६० च्या दंडसंहितेत भारतासाठी कलम ३७७ घातले होते. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरविले. मराठीत तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकाने हा विषय रंगभूमीवर आणला होता. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्टसारखी संस्था समलिंगी समुदायासाठी कार्यरत आहे. त्या समुदायातील विद्यार्थी आपल्याच वर्गात बसलेले असतात. फॉर्स्टर शिकविताना 'मॉरिस'चा उल्लेख टाळणारा अध्यापक लेखकाच्या वाङ्मयीन जीवनाचा अर्धा भाग गाळतो आणि त्या विद्यार्थ्यांना, आपल्यासारख्यांसाठीही कुणी सुखाचा शेवट लिहिला होता, हे कळू देत नाही.