राज्य गेले, वंश उरला

बाराव्या शतकातील जर्मनीचा इतिहास हा बऱ्याच अंशी दोन घराण्यांच्या स्पर्धेचा इतिहास आहे. एक स्टाउफेन, दुसरे वेल्फ. या स्पर्धेत सर्वस्व गमावलेला, तरीही वंशाच्या रूपाने विजेत्यांना पुरून उरलेला पुरुष म्हणजे ‘सिंह’ या उपाधीने ओळखला जाणारा वेल्फ कुळातील ड्यूक हेन्री.

त्याचा जन्म 1130च्या सुमाराचा. सम्राट तिसरा लोथार हा त्याच्या आईचा पिता. बव्हेरिया आणि सॅक्सनी हे दोन्ही प्रांत वडिलांकडे होते. पण 1138 मध्ये राजपद स्टाउफेनांकडे गेले आणि दोन्ही प्रांत हातचे निसटले. पुढच्याच वर्षी वडील वारले. पोरक्या हेन्रीचा हक्क आजी रिखेन्झाने नेटाने लढवला. 1142 मध्ये सॅक्सनी परत मिळाले.

1152 मध्ये फ्रेडरिक बार्बारोसा राजा झाला आणि हेन्रीचे दिवस पालटले. फ्रेडरिक स्टाउफेन कुळातला असला तरी त्याची आई यूडिथ ही वेल्फांची लेक, हेन्रीची सख्खी आत्या. या आतेभावाने 1156 मध्ये हेन्रीला बव्हेरियाही दिले. पुढच्या दोन दशकांत हेन्री जर्मनीतील सर्वांत बलाढ्य सरदार ठरला. म्युनिकचा उदय 1158 मधील त्याच्या निर्णयातून झाला. ल्यूबेक त्याने 1159 मध्ये नव्याने वसवले. ब्राउनश्वाइगच्या किल्ल्यासमोर त्याने कांस्याचा सिंह उभारला. 1168 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची कन्या मटिल्डा हिच्याशी त्याचा विवाह झाला.

या वैभवाला तडा गेला तो 1176 मध्ये. इटलीतील मोहिमेसाठी सम्राटाने मदत मागितली, ती हेन्रीने नाकारली. त्याच वर्षी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला. हेन्रीच्या वाढत्या सत्तेने दुखावलेल्या सरदारांना संधी मिळाली. वारंवार बोलावूनही तो दरबारात हजर झाला नाही, म्हणून 1180 मध्ये त्याची दोन्ही संस्थाने काढून घेण्यात आली. सॅक्सनीची वाटणी झाली. बव्हेरिया मिळाले विटेल्सबाख घराण्याला, आणि ते त्याच्याकडे 1918 पर्यंत राहिले. 1181 मध्ये एर्फुर्ट येथे हेन्री शरण आला. कुळाची ब्राउनश्वाइगकडील जहागीर तेवढी उरली आणि 1182 मध्ये त्याला सासऱ्याच्या आश्रयाला जावे लागले.

याच वनवासात, 1184 मध्ये, इंग्लंडमधील विंचेस्टर येथे त्याचा धाकटा मुलगा विल्यम जन्मला. त्या वेळी या मुलाला फारसे महत्त्व नव्हते. थोरल्या मुलाने पुढे सम्राटाच्या सावत्र भावाची कन्या आग्नेस हिच्याशी, तिच्या पित्याला अंधारात ठेवून विवाह केला आणि त्यातून दोन्ही घराण्यांचा समेट घडला. 6 ऑगस्ट 1195 रोजी हेन्रीने ब्राउनश्वाइगमध्ये देह ठेवला. मधला मुलगा ऑटो 1209 मध्ये सम्राटपदी पोहोचला, पण 1218 मध्ये निपुत्रिक वारला. थोरल्याचा मुलगाही अकाली गेला.

वंश चालला तो विंचेस्टरच्या विल्यमचा. त्याच्या मुलाला, ऑटोला, 1235 मध्ये ब्राउनश्वाइग-ल्यूनेबुर्गचा ड्यूक करण्यात आले. हा मान देणारा सम्राट दुसरा फ्रेडरिक बार्बारोसाचाच नातू होता. अवघ्या 33 वर्षांनी, 1268 मध्ये, स्टाउफेनांचा शेवटचा तरुण वारस कॉनराडिन याचा नेपल्समध्ये शिरच्छेद झाला.

वेल्फांची शाखा मात्र फुलत राहिली. तिच्यातूनच हॅनोव्हरचे घराणे पुढे आले आणि 1714 मध्ये पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर बसला. 1877 मध्ये दिल्ली दरबारात जिच्या नावाने भारताच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली, ती व्हिक्टोरियाही याच कुळातली. ज्याच्याकडून दोन प्रांत हिरावले गेले, त्याच्या वंशजांच्या वाट्याला साम्राज्य आले. आणि ते आले वनवासात जन्मलेल्या धाकट्या मुलाकडून.