विश्लेषण : कोल्हापूरच्या विष्णू नारळीकरांनी आइनस्टाइनचा सिद्धांत भारतीय वर्गात कसा पोहोचवला?

नारळीकर म्हटले की जयंत नारळीकरांचे नाव आठवते. पण त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९३०च्या दशकात, सापेक्षतावादाच्या अध्यापनाची आणि संशोधनाची परंपरा बनारसमध्ये उभी केली. महागडी उपकरणे नाहीत, मोठी प्रयोगशाळा नाही. हाताशी फळा, खडू आणि मोजकी पुस्तके. एवढ्यावर आधुनिक भौतिकशास्त्र शिकता येते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

विष्णू नारळीकर कोण होते?

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये त्यांनी बी.एस्सी. केले आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर केंब्रिज गाठले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रथम वर्ग मिळवणाऱ्याला ‘रँग्लर’ म्हणतात. नारळीकर १९३० मध्ये विशेष प्रावीण्यासह रँग्लर झाले. खगोलशास्त्रातील टायसन पदक, आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती आणि रॅले पारितोषिकही त्यांनी पटकावले.

केंब्रिजमध्ये नेमके काय शिकायला मिळाले?

त्या काळी केंब्रिजमध्ये सर आर्थर एडिंग्टन शिकवत होते. २९ मे १९१९च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे तपासणाऱ्या मोहिमेत ते होते. त्या निरीक्षणांनी आइनस्टाइनचे नाव जगभर झाले. मात्र सिद्धांत गाजला तरी तो शिकायचा कसा, ही अडचण होतीच. मूळ निबंध जर्मन भाषेत होते आणि त्यातले गणित बहुतेक पदवीधरांना अपरिचित होते. एडिंग्टन यांचा १९२३ मधील सापेक्षतावादाच्या गणितावरील ग्रंथ ही अडचण सोडवणाऱ्या पहिल्या पाठ्यग्रंथांपैकी एक. भारतात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनच्या निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये प्रसिद्ध केले. पण पुस्तक हाती असणे आणि ते समजावून सांगणारा शिक्षक समोर असणे यात फरक पडतोच. नारळीकरांना खुद्द एडिंग्टन यांचे मार्गदर्शन मिळाले.

मग ते परत का आले?

पंडित मदनमोहन मालवीय बनारस हिंदू विद्यापीठासाठी देशभरातून आणि परदेशातून अध्यापक गोळा करत होते. त्यांच्या बोलावण्यावरून नारळीकर १९३२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९६० पर्यंत तेथेच राहिले. या निर्णयाची किंमत लहान नव्हती. संशोधनाच्या ऐन उमेदीत जगातल्या एका आघाडीच्या केंद्रापासून ते दूर गेले. शिकवणे, परीक्षा, विभागाचा कारभार हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात संशोधन करायचे होते. बदल्यात देशाला सापेक्षतावादाचे एक केंद्र मिळाले.

त्या केंद्रातून काय निघाले?

सर्वांत ठळक उदाहरण प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचे. सौराष्ट्रातला हा तरुण गणित शिक्षक १९४२ मध्ये साठवलेल्या पैशांच्या भरवशावर पत्नी आणि लहान मुलीसह बनारसला आला आणि सुमारे दहा महिने नारळीकरांच्या हाताखाली शिकला.

प्रश्न असा होता. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये गोलाकार वस्तुमानाबाहेरच्या गुरुत्वाकर्षणाचे समीकरण सोडवले होते. त्यात ताऱ्याभोवतीची जागा पूर्ण रिकामी धरली होती. खरा तारा मात्र प्रकाशतो. प्रकाश ऊर्जा बाहेर नेतो, म्हणून ताऱ्याचे वस्तुमान घटत जाते. आपला सूर्यच प्रारणाच्या रूपाने दर सेकंदाला ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान गमावतो. अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याबाहेरच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित वैद्यांनी मांडले आणि १९४३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १९६०च्या दशकात क्वेसारसारख्या प्रचंड तेजस्वी वस्तूंचा शोध लागल्यावर त्याचे महत्त्व जगाला उमगले. आज ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखले जाते. के. आर. करमरकर यांच्यासोबतही नारळीकरांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापेक्षतावादावर संशोधन केले.

घरातला वर्ग कसा होता?

नारळीकरांच्या पत्नी सुमती या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातल्या, संस्कृतच्या जाणकार. थोरले चिरंजीव जयंत यांचा जन्मही १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच झाला. बनारसच्या घरात नारळीकरांनी दोन्ही मुलांसाठी भिंतीवर फळे करून घेतले होते. शिकायला त्यांच्याकडे राहिलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर जयंतसाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवत. गणित सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत ते पुसले जात नसे. उत्तर आयते मिळत नव्हते. अडून राहायची मुभा मात्र होती. पुढे जयंत केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये रँग्लर झाले आणि १९६० मध्ये त्यांनाही टायसन पदक मिळाले. धाकटे अनंत संस्कृतकडे वळले.

बनारसनंतर काय?

नारळीकर १९६० मध्ये राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पण अध्यापन सुटले नाही. १९६६ ते १९७३ या काळात ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक होते. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या विद्यार्थ्यासाठी यात काय आहे?

आज फाइनमन यांची गाजलेली व्याख्याने मोबाइलवर मोफत वाचता येतात. नामांकित विद्यापीठांचे वर्गही घरबसल्या पाहता येतात. १९४२ मध्ये वैद्यांना ज्यासाठी साठवलेले पैसे खर्चून बनारस गाठावे लागले, त्यातले बरेच काही आता कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याच्या खिशात आहे. साधनांची टंचाई संपली. व्याख्यान ऐकून विषय कळल्यासारखा वाटतो, पण पुस्तक मिटून तेच समीकरण कोऱ्या कागदावर मांडता आले तरच तो कळलेला असतो. ते काम मोबाइल करत नाही. आणि कुठे चुकले ते सांगणारा शिक्षक आजही शोधावाच लागतो.