चिमूटभराचा हिशेब

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलमधली शोकेस गेली आणि तिथं समुद्र आला, त्याला आता तीन वर्षं झाली. समुद्र म्हणजे माझ्या मुलाचा खाऱ्या पाण्याचा टँक. निळ्या दिव्याखाली बटणांसारखी, छत्र्यांसारखी पोवळी डुलत असतात. दगडासारखी टणक पोवळी आपल्याकडे २००१ पासून कायद्यानं थेट वाघाच्या रांगेत नेऊन बसवली आहेत, त्यामुळे आमच्याकडची सगळी मऊ जातीची.

मुलगा ऑफिसातून आला की चहाच्याही आधी टँकपुढे बसतो. एका बाटलीत कॅल्शियम, दुसरीत पाण्याची क्षारता राखणारं औषध, तिसरीत मॅग्नेशियम. शिवाय आयोडिन आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन पिटुकल्या बाटल्या. आधी टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेऊन रंग बघायचा, आकडा वहीत लिहायचा आणि मगच सिरिंजनं डोस द्यायचा. एवढं तर मी त्याला तापाचं औषधसुद्धा कधी मोजून पाजलं नव्हतं! एवढ्याशा थेंबांनी काय होणार आहे, असं मी एकदा विचारलंच.

मग त्यानं मला बसवून समजावलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात बरंचसं आपलं मीठच. कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, स्ट्रॉन्शियम ८ मिलिग्रॅम आणि आयोडिन तर एका मिलिग्रॅमच्या शंभरातले ६ भाग! टँकमधले जीव आणि खडकावर चढणारी गुलाबी शेवाळाची पुटं हे पाण्यातून उचलत राहतात. समुद्रात ते संपत नाही. टँकमध्ये संपतं, कारण तिथं आरओचं, सगळं काढून घेतलेलं पाणी. थोडं थोडं पाणी बदललं की बरंचसं भरून निघतं, उरलेलं असं थेंबाथेंबानं द्यायचं. आणि पाणी उडून पातळी उतरली, तर वरून साधं पाणी घालायचं, खारं नाही. हे मात्र मला लगेच कळलं. आटलेल्या आमटीत कुणी परत मीठ घालतं का?

आयोडिनचंही तसंच. आपल्या मिठात ते असतंच की! चिमूटभराहून कमी, पण नसेल तर गळ्याला गाठ येते. आणि प्रवाळ पिष्टी? बाळंतिणीला, लेकराला आपल्या आज्या देत, ते पोवळ्याचं कॅल्शियमच.

हे सगळं घरात करायचं कुणाच्या डोक्यात आलं, असं विचारलं तेव्हा मुलानं एक नाव सांगितलं. फिलिप हेन्री गॉस. मी आपली सहज वाचायला घेतलं आणि वाचतच गेले.

हे गॉस १८१० साली इंग्लंडमधल्या वूस्टर गावी जन्मले आणि पूल नावाच्या बंदरगावात वाढले. वडील छोटी छोटी माणसांची चित्रं रंगवत गावोगाव हिंडायचे, त्यामुळे पैशाची नेहमीच ओढाताण. आई लग्नाआधी एका श्रीमंत बाईंकडे कामाला होती. पण या मुलाला एक आत्या होती. तिला किड्यांचं, समुद्रातल्या जिवांचं वेड. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल भांड्यातल्या समुद्राच्या पाण्यात ठेवून बघ, हे भाच्याला शिकवलं ते तिनं. म्हणजे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची पहिली शाळा आत्याच्या पदराशीच भरली म्हणायची!

सतराव्या वर्षी गॉस कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेले. मग कॅनडात शेती केली, ती फसली. अमेरिकेत अलाबामात शाळामास्तर झाले. पुढे पक्षी आणि किडे गोळा करायला जमैकात दीड वर्ष राहिले. जिथं गेले तिथं वहीत टिपणं आणि हातानं काढलेली सुरेख चित्रं. वडिलांचा कुंचला मुलाकडे आला होता.

१८४८ मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरा ३८ वर्षांचा आणि बायको एमिली ४२ वर्षांची. दोघंही अतिशय धार्मिक. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉस यांनी डायरीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि तिथंच जमैकाहून एक पक्षी आल्याचंही लिहून ठेवलं! वाचून मला हसू आलं. आमच्याकडेही पाहुणे आलेले असताना टेस्ट ट्यूब हलवत बसणारा एक जण आहेच.

तब्येत बिघडली म्हणून गॉस १८५२ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले आणि तिथं त्यांना आत्याची शिकवण परत सापडली. भरती ओसरली की खडकांतल्या डबक्यांत उतरायचं, समुद्रफुलं आणि पोवळी अलगद सोडवायची आणि काचेच्या भांड्यात जगवायची. असं करणारे ते काही पहिले नव्हते. लंडनच्या ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्येच पोवळी घरी आणली होती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची कामवाली खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. पोवळी जगली ती त्या बाईच्या हातांवर, पण तिचं नाव कुठं आलेलं नाही. थिनबाईंचा लेख १८५९ मध्ये छापून आला, त्यात टिपा लिहिल्या त्या गॉस यांनीच.

गॉस यांचं खरं काम म्हणजे हे वेड त्यांनी घराघरात पोचवलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यासाठी त्यांनी जीव गोळा करून पाठवले. १८५४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. पण लंडनमध्ये समुद्राचं पाणी आणायचं कुठून? अगदी आपल्या पुण्यासारखीच अडचण. मग त्यांनी समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण समोर ठेवलं आणि चक्क पाककृती तयार केली. आपल्या मापात सांगायचं तर साडेचार लिटरला थोड्या कमी पाण्यात १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. त्यात आधी समुद्री वनस्पती आणि दगड टाकले, काही दिवस जाऊ दिले आणि मग जीव सोडले. ते जगले!

या पाककृतीतून गॉस यांनी काही जिन्नस गाळले होते. चुन्याचा अंश वगळला. ब्रोमाइडसारख्या गोष्टी वगळल्या, कारण त्या फारच थोड्या, एवढ्याशानं काय बिघडणार? समुद्रफुलांचं तेवढ्यावर भागलंही. पण आज पोवळी वर्षानुवर्षं वाढवणारे लोक त्या एवढ्याशाचाच हिशेब ठेवतात.

मला हे वाचताना अडखळायला झालं ते त्यांच्या घरात शिरल्यावर. कारण त्या घरातूनही एक जिन्नस गाळलेला होता. गोष्ट!

एमिलीबाई लहानपणी भावंडांना रचून रचून गोष्टी सांगायच्या. त्यांच्या शिक्षिकेनं त्यांना बजावलं, की हे पाप आहे. ती धास्ती त्यांनी जन्मभर बाळगली. त्यामुळे त्यांच्या घरात कल्पित गोष्टीला थाराच नव्हता. परी नाही, राक्षस नाही, चिऊ-काऊ नाहीत. मुलावर माया नव्हती असं मुळीच नाही. जीव ओवाळून टाकत होते दोघं. खोटं त्याच्या कानावर पडू नये, एवढाच हेतू.

१८५६ मध्ये एमिलीबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. मलम लावून गाठ काढायचे अतोनात वेदनेचे उपचार त्यांनी सोसले. सहा-सात वर्षांचा एडमंड भाड्याच्या खोलीत त्यांच्या उशाशी बसून असायचा. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या गेल्या.

त्याच वर्षी गॉस यांनी विज्ञान आणि बायबल यांची सांगड घालणारं पुस्तक लिहिलं. ते ना शास्त्रज्ञांना पटलं, ना धर्मवाल्यांना. बायको गेलेली, मान गेलेला. ते मुलाला घेऊन कायमचे डेव्हनला राहायला गेले आणि घरातली शिस्त आणखीच कडक झाली. त्या वर्षीच्या नाताळात मोलकरणींनी गुपचूप गोडाचं पुडिंग केलं आणि पोराच्या हातावर तुकडा ठेवला. तो बिचारा भिऊन वडिलांकडे कबूल झाला. वडिलांनी उरलेलं पुडिंग नेऊन राखेच्या ढिगात कालवलं. त्यांच्या लेखी नाताळचा सण म्हणजे मूर्तिपूजाच होती.

१८६० मध्ये गॉस यांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई मायाळू निघाली, घर जरा सैलावलं. आणि गंमत बघा, मुलाच्या हातात पहिली कादंबरी दिली ती वडिलांनीच! का, तर त्यात त्यांच्या लाडक्या जमैकाची वर्णनं होती. तहानलेल्यासारखं ते पोर वाचत सुटलं. पुढे एडमंड गॉस इंग्रजीतला मोठा समीक्षक झाला. वडील १८८८ मध्ये गेले. मुलानं १९०७ मध्ये बापलेकांच्या ताटातुटीवर पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. त्यानं त्यात वडिलांचं एक दुःखही लिहिलं आहे. गॉस यांची पुस्तकं वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर आल्या आणि डबकीच्या डबकी ओरबाडून नेली. आपल्याच लिखाणानं हे झालं, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

मी गॉस यांना नावं ठेवायला बसलेली नाही. कुठल्या तोंडानं ठेवू? गेल्या वर्षी मुलगा चार दिवस बाहेरगावी गेला आणि डोसची जबाबदारी माझ्यावर आली. एक दिवस विसरले म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. तेही कॅल्शियम आणि क्षारतेचं औषध एकाच जागी, एकापाठोपाठ. पाणी ताकासारखं पांढरं झालं! पोवळी मिटली ती आठवडाभर उघडली नाहीत, दोन तर गेलीच. मुलगा रागावला नाही. रोजचं रोज, थोडं थोडं आणि पाणी बघून, एवढंच म्हणाला.

पण त्या रात्री मला दुसरंच आठवत राहिलं. आठवीत त्यानं चित्रकलेची एलिमेंटरी दिली होती, चांगल्या ग्रेडनं. नववीत इंटरमिजिएटच्या वेळी मी क्लास बंद केला. गणिताची शिकवणी लावायची होती, वेळ कुठून काढणार? आठवड्याचा एक तास तो! एवढ्याशानं काय बिघडणार, असंच मी तेव्हा म्हटलं होतं. बिघडलं काहीच नाही म्हणा. मार्क मिळाले, नोकरी लागली. रंगांची पेटी तेवढी माळ्यावर गेली.

परवा टँकपुढची त्याची वही पुसताना उघडली गेली. कॅल्शियम, मॅग्नेशियम, तारखा, आकडे. आणि प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलनं काढलेली इवली इवली पोवळी. मिटलेली, उघडलेली, पाण्यात वाकलेली. तीन वर्षं ती वही माझ्या हॉलमध्ये पडून होती आणि मी एकदाही आत डोकावले नव्हते.

माळ्यावरची पेटी मी खाली काढली आहे. आतले रंग वाळून खडे झाले आहेत, ते टाकून दिले. नवे आणायला लक्ष्मी रोडला जायचंय. कुठले आणायचे ते मात्र या वेळी त्यालाच विचारणार आहे.