अनागारिक धम्मपाल : कोणता वारसा घ्यायचा, कोणता नाकारायचा?

बोधगया मुक्तीच्या लढ्यात अनागारिक धम्मपाल यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांचे ऋण मान्य करूनच आज आम्ही त्यांच्या विचारातील एका धोकादायक बाजूविषयी लिहीत आहोत. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेचे मूळ दुसऱ्याच्या धर्मात शोधणे सोपे असते. आपल्या घरात शोधणे मात्र जड जाते.

धम्मपाल यांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोत, फर्निचरच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. मूळ नाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. घर बौद्ध, पण शाळा मिशनऱ्यांच्या; कारण ब्रिटिश राजवटीत चांगले शिक्षण आणि सरकारी नोकरीचा रस्ता तिथूनच जात होता. १८८३ मध्ये कोलंबोच्या कोटाहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर कॅथलिक जमावाने हल्ला केला, तेव्हा वडिलांनी मुलाला शाळेतून काढले. हा अपमान खरा होता आणि त्यातूनच त्यांचे कार्य उभे राहिले.

जानेवारी १८९१ मध्ये ते बोधगयेला आले. महाविहार शैव महंतांच्या ताब्यात आणि दुर्लक्षित अवस्थेत पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेत ते बौद्धांचे प्रतिनिधी होते. १८९५ मध्ये त्यांनी महाविहारात ठेवलेली जपानी बुद्धमूर्ती महंतांच्या माणसांनी बाहेर काढली. प्रकरण कोर्टात गेले, पण विहार मिळाले नाही. बोधगयेचा प्रश्न जगापुढे नेण्याचे मोठे श्रेय त्यांचेच आहे.

श्रीलंकेत बोलताना मात्र त्यांची भाषा वेगळी असे. सिंहली लोक हे शुद्ध आर्य वंशाचे, बेट त्यांचे आणि तमिळ व मुस्लिम हे उपरे, अशी मांडणी ते करत. दुट्ठगामणी राजा त्यांचा आदर्श होता. महावंसातील कथेनुसार, युद्धातील संहाराने अस्वस्थ झालेल्या या राजाला अर्हंतांनी समजावले की मेलेल्यांत माणसे म्हणावीत अशी फक्त दीडच होती, बाकीचे पशुसमान. तथागतांच्या करुणेशी याचा काय संबंध?

१९१५ मध्ये सिंहली जमावांनी मुस्लिमांची दुकाने आणि मशिदी जाळल्या. धम्मपाल तेव्हा भारतात होते. ही दंगल त्यांनी घडवली असे म्हणता येणार नाही. मिरवणुकीतील वाद्यांचा वाद आणि व्यापारातील स्पर्धा ही कारणेही होती. पण मुस्लिमांना परके आणि लुटारू ठरवणारे लेखन त्यांचे होते, आणि दंगलीनंतरही त्यांनी दोष मुस्लिमांनाच दिला. ब्रिटिशांनी त्यांना कलकत्त्यात नजरकैदेत ठेवले. धाकटा भाऊ एडमंड तुरुंगातच वारला. पुढे सारनाथला १९३१ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून मूलगंधकुटी विहार उभे राहिले. तिथेच भिक्खू म्हणून २९ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे निधन झाले.

विचार माणसाबरोबर मरत नाही. १९५६ मध्ये फक्त सिंहली भाषेला राजभाषा करणारा कायदा आला. १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांच्यावर एका चीवरधारी भिक्खूने गोळ्या झाडल्या. १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांचे हत्याकांड झाले आणि २००९ पर्यंत युद्ध चालले. २०१४ मध्ये अलुथगमा येथे पुन्हा मुस्लिमांची घरे जळाली. त्याआधीच्या सभेत भडकाऊ भाषण करणारे बोदु बल सेनेचे नेतेही भिक्खूच होते. या सगळ्याला सत्तेचे राजकारण कारणीभूत आहेच, पण त्या राजकारणाला हीच वंशाची भाषा आयती मिळाली.

आम्हाला यातून दिसते ते असे : अन्यायाविरुद्धचा राग अतिरेकी नसतो. त्या रागाला जेव्हा रक्ताची शुद्धता, भूमीची मालकी आणि कायमचा शत्रू जोडला जातो, तेव्हा तो अतिरेकाकडे वळतो. शत्रू एकदा माणसापेक्षा कमी ठरला की मारणाऱ्याला पाप वाटत नाही.

बाबासाहेबांचा मार्ग इथेच वेगळा होतो. अन्याय त्यांनी कितीतरी अधिक सोसला होता. तरीही आर्य वंशाचा सिद्धांत त्यांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात खोडून काढला. त्यांनी धम्म स्वीकारला तो समता, स्वातंत्र्य आणि बंधुतेसाठी. कुणाच्या वंशाच्या गौरवासाठी नाही.

तरुण मित्रांनो, महाविहाराचे पूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे आले पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण ठामपणे लढूच. पण आपल्या मोर्चात, व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या समाजाला किडे-मुंग्या म्हटले गेले, तर तिथेच थांबवू या. धम्मपालांची जिद्द आपली आहे. त्यांचा वंशाभिमान आपला नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!